यंत्र दूरचे, नमुना आपला



प्रतिवर्षी या अहवालात आम्ही रुग्णालयाच्या एखाद्या विभागाची ओळख करून देतो. यंदा ज्या विभागाविषयी लिहीत आहोत तो पाहावयास गेल्यास आपली निराशा होण्याचा संभव आहे. शस्त्रक्रियागृहाच्या मागील बाजूस पूर्वी जुने कागदपत्र ठेवण्याची जी खोली होती, तीच रंग देऊन, पंखा व खिडकीला जाळी बसवून आता वापरात आणली आहे. तीत एक फ्रीज, एक लांब टेबल, फॉर्मेलिनचे कॅन, भिंतीवरचे घड्याळ, थर्मोकोलच्या पेट्या आणि तीन नोंदवह्या आहेत. दारावर ‘नमुना कक्ष’ अशी पाटी आहे. मोठे यंत्र एकही नाही.

मागील वार्षिक सभेत काही सभासदांनी विचारलेला प्रश्न रास्त होता. एका हितचिंतक कुटुंबाने आपल्या दिवंगत मातोश्रींच्या स्मरणार्थ जनुकीय तपासणीचे यंत्र रुग्णालयास देण्याची इच्छा व्यक्त केली होती. विश्वस्त मंडळाने त्या कुटुंबाचे मनःपूर्वक आभार मानले आणि यंत्राऐवजी ही खोली द्यावी अशी विनंती केली. त्यांनी ती मान्य केली, हा त्यांचा मोठेपणा. परंतु ‘चालून आलेले यंत्र नाकारून खोली का घेतली?’ या प्रश्नास सभेच्या इतिवृत्तात दोन ओळींचे उत्तर देऊन आमचे समाधान झाले नव्हते. म्हणून हा लेख.

प्रथम ही तपासणी कशाची असते ते सांगणे आवश्यक आहे. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संपूर्ण संच असतो. प्रथिने तयार करणारी जनुके माणसात सुमारे वीस हजार आहेत. डोळ्यातील पेशी आणि यकृतातील पेशी यांच्या जनुकसंचात भेद नाही. भेद आहे तो त्यांपैकी कोणती जनुके कामाला लागली आहेत आणि कोणती स्वस्थ आहेत, यात. आमच्यासारख्या वाणिज्य शाखेतून आलेल्या माणसास ही गोष्ट खतावणी आणि रोजकीर्द यांच्या दृष्टान्ताने उमजली. खतावणीत सर्व खाती उघडलेली असतात, पण आज कोणत्या खात्यावर किती व्यवहार झाला हे पाहावयाचे तर रोजकीर्दच काढावी लागते. डी.एन.ए. ही पेशीची खतावणी होय. एखादे जनुक कामाला लागले की त्याची एक तात्पुरती नक्कल निघते, तिला आर.एन.ए. म्हणतात, आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होते. कोणत्या जनुकाच्या किती नकला निघत आहेत याचा हिशेब म्हणजेच जनुकाची अभिव्यक्ती. कर्करोगाच्या पेशीत हा हिशेब बिघडतो. काही खात्यांवर भरमसाट उचल होते, तर काही खाती, ज्यांनी आळा घालावयाचा तीच, गोठून जातात.

हा हिशेब मोजण्याच्या एका पद्धतीशी आपणा सर्वांचा परिचय झालेला आहे, फक्त तिचे नाव वेगळ्या प्रसंगी कानी पडले. २०२० साली करोनाच्या साथीत नाकातोंडातील स्राव घेऊन जी ‘आर.टी.-पी.सी.आर.’ चाचणी होत असे, तिच्यात विषाणूच्या आर.एन.ए.ची प्रथम डी.एन.ए.मध्ये नक्कल करून ती नक्कल असंख्य पटीने वाढविली जाते व मोजली जाते. गाठीतील जनुकांची अभिव्यक्ती मोजताना प्रयोगशाळा हेच तंत्र वापरते, विषाणूऐवजी पेशीचा आर.एन.ए. घेते इतकेच. अनेक वाचकांस आठवत असेल की साथीच्या आरंभी आपल्या जिल्ह्याचे नमुने बाहेरच्या जिल्ह्यांत पाठवावे लागत आणि अहवालाची वाट पाहण्यात दिवस जात. त्याआधी तर राज्याचा मुख्य भरवसा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेवर होता. पुढे त्याच वर्षी धाराशिव येथे विद्यापीठाच्या उपकेंद्रात प्रयोगशाळा उभी राहिली आणि संपूर्ण जिल्ह्याची सोय झाली. प्रत्येक तालुक्यास किंवा प्रत्येक रुग्णालयास यंत्र मिळाले नाही, आणि त्याची गरजही पडली नाही. नमुना नीट घेतला जाणे, थंड पेटीतून वेळेवर पोहोचणे आणि नळीवरचे नाव व अर्जावरचे नाव एकच असणे, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून होते.

आता खर्चाकडे वळू. अशा यंत्राची किंमत हा त्याच्या खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो. घसारा आणि वार्षिक देखभाल करार हे तर आलेच. त्यापुढे रासायनिक द्रव्यांचे संच येतात. त्यांना मुदत असते, आणि मुदत संपली की न वापरलेला संच फेकून द्यावा लागतो. पुष्कळ चाचण्या ९६ खळग्यांच्या तबकडीत लावतात. त्यांतील काही खळगे प्रत्येक वेळी ज्ञात नमुन्यांसाठी राखावे लागतात, कारण यंत्र खरे सांगत आहे की नाही हे त्यांवरूनच कळते. दहा रुग्णांचे नमुने असोत वा ऐंशी रुग्णांचे, हे राखीव खळगे, तंत्रज्ञाचा दिवस आणि वीज यांत बचत होत नाही. एस.टी. रिकामी धावली म्हणून डिझेल कमी लागत नाही, तसेच हे आहे. आमच्याकडे एका आठवड्यात अशा तपासणीचे जितके रुग्ण येतात ते पाहता एकतर तबकडी रिकामी चालवावी लागली असती, किंवा ती भरेपर्यंत रुग्णाला थांबवावे लागले असते. दोन्ही गोष्टी आम्हांस मान्य नव्हत्या. शिवाय शिकलेला तंत्रज्ञ माकणीस टिकविणे किती अवघड आहे हे विश्वस्त मंडळ जाणते. क्ष-किरण विभागात आम्ही तो अनुभव घेतला आहे.

म्हणूनच जगात अनेक ठिकाणी हे काम एकत्र आणून केले जाते. स्तनाच्या कर्करोगात २१ जनुकांची अभिव्यक्ती मोजून रोग उलटण्याची शक्यता वर्तविणारी एक प्रसिद्ध चाचणी आहे. तिच्यासाठी अनेक देशांतून मेणाच्या ठोकळ्यात जपलेले गाठीचे तुकडे अमेरिकेत कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेकडे पाठविले जात आले आहेत. २०१८ साली या चाचणीवर आधारलेल्या, दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काखेतील गाठींपर्यंत रोग न पोहोचलेल्या एका विशिष्ट प्रकारच्या कर्करोगात, मधल्या टप्प्यातील गुण मिळालेल्या बहुसंख्य स्त्रियांना केमोथेरपीने अधिक लाभ होत नाही, असे त्यातून दिसले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांबाबत मात्र काही अपवाद निघाले. केमोथेरपीने काय हाल होतात हे ज्या कुटुंबांनी पाहिले आहे त्यांना या निष्कर्षाचे मोल सांगावयास नको. ही चाचणी आमच्या रुग्णांच्या ऐपतीबाहेरची आहे हेही लपविण्यात अर्थ नाही.

आपल्या राज्यात या प्रकारच्या संशोधनासाठी टाटा मेमोरियल सेंटरचे नवी मुंबईतील खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ हे केंद्र आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये परळ येथे सुरू झाले आणि १९६२ पासून त्याची व्यवस्था केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. खारघरच्या केंद्रात महागडी उपकरणे एकेका शास्त्रज्ञाच्या खोलीत न ठेवता सामायिक ठेवली जातात आणि अनेक गट ती आळीपाळीने वापरतात. मोठ्या संस्थेलाही एकेकट्याने यंत्र बाळगणे परवडत नाही, मग आमच्यासारख्या न्यासाने त्याचा हट्ट धरण्यात काय हशील? पुढे २०१२ मध्ये देशभरातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारी नॅशनल कॅन्सर ग्रिड ही व्यवस्था सुरू झाली, तिच्यामागील विचारही याच जातीचा आहे.

परंतु सामायिक प्रयोगशाळेचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईचे नाही. ते आपल्या शेजारचे, बार्शीचे आहे, आणि त्याचे खरे मानकरी आपल्या जिल्ह्यातील स्त्रिया आहेत. खेदाची बाब अशी की, ही हकिगत येथील फार थोड्या लोकांस माहीत आहे. आम्हांसही ती उशिराच कळली.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवण्यास आरंभ झाला. ग्रामीण लोकसंख्येसाठी अशी नोंदणी सुरू होण्याची भारतातील ती पहिलीच वेळ होती. तीत बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातील परंडा व भूम या तालुक्यांतील गावे होती. गावोगाव फिरून नोंद करणाऱ्यांच्या ध्यानात आले की, या भागातील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आहे आणि बहुतेक जणी उपचाराची वेळ टळून गेल्यावर येतात.

त्यानंतर ऑक्टोबर १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम होता. डॉ. आर. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. बी. एम. नेने, मुंबईचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आदी तज्ज्ञ त्यात होते. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार गटांत विभागणी झाली. एका गटात गर्भाशयमुखावर ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी आणि तिसऱ्यात एच.पी.व्ही. या विषाणूच्या डी.एन.ए.ची तपासणी. चौथ्या गटास नेहमीची सेवा व आरोग्यविषयक माहिती तेवढी मिळाली. या चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी का दिली गेली नाही यावर पुढे देशात आणि परदेशात कठोर टीका झाली. आमच्या मते ती टीका दुर्लक्षिण्याजोगी नाही. संशोधनाच्या संमतिपत्राबाबत पुढे आम्ही जे लिहिले आहे त्याचे एक कारण तीही आहे.

विषाणूच्या तपासणीचा नमुना मऊ ब्रशने घेऊन नळीतील द्रवात ठेवीत आणि तो बार्शीच्या प्रयोगशाळेत जाई. त्या चाचणीत विषाणूचा डी.एन.ए. पकडण्यासाठी आर.एन.ए.चा गळ वापरतात. दोघांची जोडी जमली की तीवर प्रकाश देणारे रसायन चिकटते आणि यंत्र तो प्रकाश मोजते. नमुने आमच्यासारख्या खेड्यापाड्यांतून आलेले, आणि यंत्र मात्र एका ठिकाणी. या गटात बोलाविलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी २७,१९२ जणींनी तपासणी करून घेतली. शेतीची कामे, घरची माणसे आणि संकोच हे सारे ओलांडून दर पाचांतील चार जणी आल्या.

या अभ्यासाचे निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुमारे आठ वर्षांच्या काळात तपासणी न मिळालेल्या गटात पुढच्या अवस्थेतील कर्करोग ८२ जणींत आढळला, तर विषाणू-तपासणीच्या गटात तो ३९ जणींत. मृत्यू अनुक्रमे ६४ आणि ३४. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या जवळपास सारखी होती. पॅप आणि डोळ्यांनी पाहणी या दोन पद्धतींच्या गटांत मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. आयुष्यात एकदाच केलेली विषाणूची तपासणी मृत्यू निम्म्यावर आणू शकते, हे जगाला प्रथम कळले ते या जिल्ह्यातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी याच प्रकारच्या चाचणीस अग्रक्रम दिला. ज्या जिल्ह्यातील स्त्रियांनी हे ज्ञान जगाला दिले, त्याच जिल्ह्यातील प्रत्येक स्त्रीपर्यंत ही चाचणी आजही पोहोचलेली नाही.

येथे अभिव्यक्तीचा मुद्दा पुन्हा येतो. विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला असे मुळीच नाही. हे रुग्णांच्या नातलगांनी कृपया ध्यानी घ्यावे, कारण असा अहवाल हाती पडताच घरात रडारड झाल्याचे आम्ही पाहिले आहे. बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. तो ठाण मांडून राहिला आणि त्याची ‘ई-६’ व ‘ई-७’ ही दोन जनुके जोमाने काम करू लागली, तर पेशीच्या वाढीस आळा घालणारी प्रथिने निकामी होतात आणि धोका वाढतो. म्हणजे खाते उघडलेले आहे हे डी.एन.ए. सांगतो, खात्यावर उचल सुरू झाली आहे की नाही हे आर.एन.ए. सांगतो. विषाणू आढळलेल्या स्त्रियांपैकी कोणीस लगेच उपचार द्यावेत आणि कोणीस नुसते लक्षाखाली ठेवावे, हा आज संशोधकांपुढील प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर नमुने ग्रामीण भागातूनच जावे लागतील. परदेशातील स्त्रियांच्या नमुन्यांवर बसविलेली मोजमापे येथे तशीच लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही.

आणि नमुने जावयाचे तर ते जाण्याजोगे असावे लागतात. या बाबतीत आमच्याकडून झालेली एक चूक या अहवालात नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

दोन वर्षांपूर्वी तेरणाकाठच्या एका गावातील भगिनीच्या स्तनातील गाठ आमच्या रुग्णालयात काढण्यात आली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. गाठ बरणीत घालून फॉर्मेलिन ओतले आणि बरणी ठेवून दिली. तो शनिवार होता. बरणी लहान होती, गाठ मोठी होती आणि तीत काप दिलेले नव्हते. फॉर्मेलिन उतीत ताशी अदमासे एक मिलिमीटर इतक्याच वेगाने शिरते, त्यामुळे न कापलेल्या मोठ्या गाठीचा गाभा बराच काळ कच्चा राहतो आणि आतून नासू लागतो. कॅनवर तारीख नसल्याने द्रव किती जुना होता हेही सांगता आले नाही. सोमवारी सुट्टी आली. बरणी मंगळवारी रवाना झाली. अहवाल आला तेव्हा त्यात कर्करोगाचे निदान होते, पण ‘हर-२’ या जनुकाबद्दल असे लिहिले होते की, ऊती योग्य रीतीने स्थिर न झाल्याने निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही.

या एका वाक्याचा अर्थ काय होतो ते सांगितले पाहिजे. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे १५ ते २० टक्के रोगांत हर-२ या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात आणि त्याचे प्रथिन पेशीवर अतिरेकाने उमटते. अशा रुग्णांसाठी ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ पासून उपलब्ध आहे आणि त्याने जगण्याची शक्यता खरोखर वाढते. ज्यांच्यात हे जनुक वाढलेले नाही त्यांना या औषधाचा उपयोग नाही, उलट खर्च होतो आणि हृदयास अपायाचा संभव असतो. म्हणजे औषध द्यावे की देऊ नये हे सर्वस्वी त्या गाठीच्या तुकड्यावर अवलंबून होते, आणि तो तुकडा आम्ही बिघडवून ठेवला होता. गाठ तर पूर्ण काढून झाली होती, दुसरा तुकडा आणणार कोठून?

त्या भगिनीच्या मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा आणला. त्यात शस्त्रक्रियेपूर्वी शहरात केलेल्या सुईच्या तपासणीची पावती निघाली. शेतमजुरी करणाऱ्या त्या तरुणाने पावती टाकून दिली नव्हती, हे आमच्या कोणत्याही व्यवस्थेचे श्रेय नव्हे. त्या पावतीवरील क्रमांकावरून मेणाचा जुना ठोकळा सापडला, तो मुंबईस पाठविला गेला आणि त्यावर तपासणी होऊ शकली. निष्कर्ष होकारार्थी आला व औषध सुरू झाले. यात तेवीस दिवस गेले. मुलाच्या तीन खेपा झाल्या, तितक्या दिवसांची मजुरी बुडाली. त्या काळात ती माउली आम्हांस एकच विचारीत असे, ‘साहेब, माझा कागद आला का?’

त्यानंतर नमुना कक्षाचे काम सुरू झाले, आणि तो योग्य वेळी सुरू झाला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. येथे काय केले जाते ते थोडक्यात सांगतो. गाठ शरीराबाहेर आली ती वेळ आणि फॉर्मेलिनमध्ये पडली ती वेळ, अशा दोन्ही वेळा परिचारिका घड्याळ पाहून लिहिते, आणि दोहोंत एका तासाहून अधिक अंतर पडू नये असा दंडक आहे. मोठ्या गाठीस शल्यविशारद स्वतः काप देतात. फॉर्मेलिन गाठीच्या किमान दहापट असते. या एका नियमाने आमच्या भांडार विभागाच्या लहान बरण्या कायमच्या बाद झाल्या आणि भांडारपालांशी थोडा वादही झाला. कॅनवर तयार केल्याची तारीख असते. गाठ फॉर्मेलिनमध्ये सहा तासांहून कमी आणि बहात्तर तासांहून जास्त राहू नये, म्हणून शनिवारी नियोजित शस्त्रक्रिया असल्यास गाडीची व्यवस्था शुक्रवारीच होते. ही शेवटची गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. लोहाऱ्याहून पुढे जाणाऱ्या वाहनाची वेळ, कुरिअरची वेळ आणि सणवार यांचा मेळ घालण्यात आमचे एक कर्मचारी अक्षरशः पंचांग घेऊन बसतात.

ज्या नमुन्यांतून आर.एन.ए. काढावयाचा असतो त्यांची निगा याहून कडक असते. आर.एन.ए. हा फार अल्पायुषी पदार्थ आहे. त्याचा नाश करणारी द्रव्ये आपल्या हाताच्या त्वचेवरही असतात, म्हणून हातमोजे अनिवार्य. दीर्घकाळ जपावयाचा तर उणे ८० अंश तापमान लागते. तसा फ्रीझर आमच्याकडे नाही आणि येथील विजेची स्थिती पाहता तो घेण्याचा सल्लाही आम्ही देणार नाही. त्याऐवजी आर.एन.ए.ला काही काळ तारून नेणारा द्रव मिळतो. त्यात बुडविलेला लहानसा तुकडा साध्या फ्रीजमध्ये काही दिवस सुरक्षित राहतो आणि तेवढ्या अवधीत तो मोठ्या प्रयोगशाळेत पोहोचविता येतो. सामायिक प्रयोगशाळेस आम्हांकडून नेमके हेच हवे असते. यंत्र त्यांच्याकडे उत्तम आहे, पण बिघडलेल्या नमुन्यास कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही.

आता संमतीविषयी, कारण नातलगांकडून याबद्दल वारंवार विचारणा होते. उपचारासाठी होणारी तपासणी आणि संशोधनासाठी दिलेला नमुना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत व त्यांची संमतिपत्रेही स्वतंत्र आहेत. संशोधनास नकार दिल्यास उपचारात, सवलतीत किंवा वागणुकीत काहीही फरक पडत नाही. आधी दिलेली संमती नंतर मागे घेता येते. नैतिकता समितीची मंजुरी नसलेल्या कोणत्याही अभ्यासास आम्ही नमुना देत नाही. संशोधनासाठी जाणाऱ्या नळीवर नाव नसते, क्रमांक असतो, आणि क्रमांक व नाव यांची जोडी असलेली वही येथेच कुलुपात राहते. मेणाचा ठोकळा पुढील उपचारासाठी अन्यत्र न्यावयाचा असल्यास अर्ज केल्यावर तो मिळतो. संमतिपत्र वाचून दाखविताना ‘जनुक’, ‘अभिव्यक्ती’ असे शब्द आम्ही प्रथम वापरीत होतो, आणि समोरच्या आजीबाई आदराने मान हलवीत होत्या. अशी संमती खरी नव्हे हे आमच्या परिचारिकांनी आम्हांस सांगितले. आता त्या स्वतःच्या शब्दांत सांगतात आणि शेवटी ‘मावशी, मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा’ असे विचारतात. याला वेळ लागतो. बाह्यरुग्ण विभागातील रांग वाढते, त्याबद्दल तक्रारीही आल्या आहेत. तरीही हा वेळ कमी करण्याचा आमचा विचार नाही.

काही देणगीदारांनी मोकळेपणाने असेही विचारले की, संशोधनाशी आपल्या धर्मादाय रुग्णालयाचा संबंध काय, तो पैसा गरिबांच्या औषधास का देऊ नये? या शंकेचा आम्ही आदर करतो. हिशेबापुरते सांगावयाचे तर नमुना कक्षाचा जवळपास सर्व खर्च उपचारासाठी अन्यथाही करावाच लागला असता, कारण हर-२ च्या अहवालास लागणारी शिस्त आणि संशोधनाच्या नमुन्यास लागणारी शिस्त यांत फारसे अंतर नाही. संशोधनाचे नमुने ज्या संस्था मागवितात, त्यांनी वाहतुकीचा व द्रव्यांचा खर्च सोसावा, रुग्णाकडून वा न्यासाच्या निधीतून तो घेतला जाऊ नये, असा ठराव विश्वस्त मंडळाने केला आहे. त्याचे स्वतंत्र खाते ठेवले असून ते लेखापरीक्षकांच्या नजरेखालून गेले आहे.

पुढील वर्षासाठी दोन गोष्टींची निकड आहे. कक्षातील फ्रीज अद्याप रुग्णालयाच्या जनित्रास जोडलेला नाही. वीज गेल्यावर बर्फाच्या पिशव्यांवर निभावतो, पण मागील उन्हाळ्यात दोन वेळा काळजीची वेळ आली. दुसरी गोष्ट अशी की, तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी एच.पी.व्ही. तपासणीचे शिबिर घेण्याचे योजिले आहे. नमुने येथे घेतले जातील व तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत होईल. ज्यांचा अहवाल होकारार्थी येईल त्यांच्या पुढील तपासणीचा व उपचाराचा निधी हाती आल्याखेरीज शिबिराची तारीख जाहीर करावयाची नाही, असे ठरले आहे. अहवाल हातात देऊन कोणासही वाऱ्यावर सोडणे योग्य होणार नाही.

नमुना कक्ष रविवार सोडून रोज सकाळी दहा ते पाच उघडा असतो. देणगीदारांनी व सभासदांनी अवश्य यावे. तिन्ही नोंदवह्या पाहावयास मिळतील. नाव-क्रमांकाची वही मात्र दाखविता येणार नाही, याबद्दल क्षमस्व.